दुधाच्या धंद्यावर प्रबंध लिहितेय, बायकांच्या कामाचा हिशोब कसा धरू?

प्रश्न: एमएला ऑपरेशन फ्लडचा, म्हणजे गावोगावच्या सहकारी डेअऱ्या जोडून दूध वाढवायच्या देशव्यापी योजनेचा, घराघरांवर झालेला परिणाम हा विषय घेतलाय. १९७० ला सुरू झालं, १९९६ पर्यंत चाललं, १९९८ ला भारत अमेरिकेला मागे टाकून दूध उत्पादनात पहिला आला, हे सगळीकडे मिळतं हो, पण त्यातून बाईच्या हाताला काय लागलं ते कसं शोधायचं?

उत्तर: नुसत्या लिटरवर जाऊ नका ताई. माझी आई पहाटे चारला उठून धार काढायची, वैरण, शेणघाण सगळं तिच्याकडंच, पण डेअरीच्या पुस्तकावर नाव वडिलांचं, त्यामुळं दहा दिवसांनी बिल झालं की पैसे त्यांच्याच हातात पडायचे. सभासद कोण आणि राबतं कोण, हे वेगवेगळं विचारा.

उत्तर: अगदी पटलं. पण पिकाचा पैसा येतो हंगामाला आणि दुधाचा ठरल्या दिवशी, ज्याच्याकडं गुंठाभर जमीन नाही त्याला हा केवढा आधार! अजून एक, युरोपातून मदत म्हणून आलेली दूध पावडर आणि बटर ऑइल (लोण्यापासून काढलेलं तुपासारखं स्निग्ध) विकून त्या पैशातून या योजनेची सुरुवात झाली, त्यावर तेव्हा टीकाही खूप झाली, ती वाचाच.

प्रश्न: आणि घरच्यांची मजुरी?

उत्तर: तास लिहून घ्या, सकाळचे आणि संध्याकाळचे वेगळे. तासांना मजुरीचा दर लावून ती रक्कमही खर्चात धरली की नफा किती उरतो ते कळेल.