मायकल जॅक्सनचा बॉक्स सेट: कच्ची गाणी बाहेर काढावीत का?

पंचमवेडा

मायकल जॅक्सनचा 'द अल्टिमेट कलेक्शन' हा बॉक्स सेट नोव्हेंबर २००४ मध्ये आला. चार सीडी, एक डीव्हीडी, ५७ गाणी. सुरुवात १९६९ च्या 'जॅक्सन ५' या भावांच्या बँडमधल्या पोरसवदा आवाजापासून. यातली १३ गाणी त्याआधी कुठेच निघालेली नव्हती. गेला आठवडाभर मी फक्त तीच ऐकतोय आणि माझं मत पक्कं झालंय: हा माणूस किती मोठा होता ते 'थ्रिलर'पेक्षा या कच्च्या टेपांत जास्त कळतं.

'पी.वाय.टी.' ('प्रिटी यंग थिंग') या गाण्याचंच बघा. 'थ्रिलर'मध्ये (१९८२) आपण जे ऐकतो ते अल्बमचा निर्माता क्विन्सी जोन्स आणि गायक जेम्स इन्ग्रम यांनी लिहिलेलं, पाय थिरकवणारं गाणं. त्याआधी मायकलने कीबोर्डवादक ग्रेग फिलिन्गेन्सबरोबर याच नावाचं एक गाणं केलं होतं, ते या सेटमध्ये आहे. नाव तेवढं सारखं. चाल वेगळी, लय संथ, आवाज अगदी मऊ. जोन्सने नाव ठेवलं आणि गाणं नवं करून घेतलं. निर्माता म्हणजे नक्की काय करतो, हे मला ही दोन गाणी लागोपाठ ऐकल्यावर पहिल्यांदा समजलं.

आणि आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी केलेलं 'वुई आर द वर्ल्ड'! २८ जानेवारी १९८५ च्या रात्री हॉलिवूडच्या स्टुडिओत चाळीसहून जास्त गायक जमले होते. इथे तेच गाणं मायकल एकटा गातो. गर्दी नाही की आलटूनपालटून येणारे प्रसिद्ध आवाज नाहीत. मला तर हेच मूळ गाणं वाटायला लागलंय.

असं सगळं बाहेर यायलाच हवं. तुमचं काय मत?

खर्ज

असहमत, आणि चांगलाच असहमत.

आधी व्यवहाराचं बोलू. नवी गाणी १३ आणि विकत घ्यायची ५७. बाकीची ४४ त्याच्या चाहत्यांकडे बहुतेक आधीपासून असणारच. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९९८ मध्ये 'ट्रॅक्स' हा बॉक्स सेट काढला तेव्हा चार सीडींवर ६६ गाणी दिली आणि जवळजवळ सगळी न निघालेली किंवा सिंगलच्या (एका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या रेकॉर्डच्या) मागच्या बाजूला पडून राहिलेली. ज्याला लोकप्रिय गाणी हवीत त्याने ते अल्बम घ्यावेत, ज्याला तळघर धुंडाळायचंय त्याने 'ट्रॅक्स' घ्यावा. सरळ हिशेब.

पण माझा खरा आक्षेप पुढे आहे. 'बॅड' या अल्बमसाठी मायकलने ढिगाने गाणी लिहिली होती आणि १९८७ च्या रेकॉर्डवर आली फक्त दहा. एवढं कठोरपणे गाळलं म्हणूनच तो अल्बम इतका घट्ट झाला. गाळलेलं परत वाढायचं कशाला? जे पुढे आणायचं नाही असं ठरलं, त्या ठरवण्यालाही कलाकाराचं काम म्हणून मान द्यायला हवा.

पंचमवेडा

खर्ज, व्यवहाराचा मुद्दा मान्य. मात्र तुमचं उदाहरणही तितकं धुतलेलं नाही. 'ट्रॅक्स'नंतर वर्षभरातच '१८ ट्रॅक्स' नावाची एक सीडी आली आणि तिच्यात मोठ्या सेटमध्ये नसलेली तीन गाणी घातली होती. म्हणजे ज्यांनी आधी चार सीडींचे पैसे मोजले, त्यांनाच पुन्हा दुकान गाठावं लागलं.

गाळण्याबद्दल मात्र पटत नाही. मायकलचा हा सेट त्याच्या हयातीत निघालाय. कुणी त्याच्यामागे कपाट फोडलेलं नाही.

खर्ज

हयातीत निघाला म्हणजे प्रत्येक टेपला त्याने मनापासून होकार दिला, असं मी धरून चालणार नाही. शिवाय एकदा ही सवय लागली की माणूस गेल्यावरही थांबत नाही. २०१० चा 'मायकल' अल्बम आठवा.

मींड

'मायकल'चा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहिते, कारण तोच अल्बम माझ्या दृष्टीने पंचमवेडा यांच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

मायकल गेला २५ जून २००९ ला. पुढच्या वर्षी डिसेंबरात तो अल्बम आला. त्यातल्या तीन गाण्यांत आवाज त्याचा नाहीच, असं चाहते आणि घरातलेही काही जण म्हणू लागले. २०१४ मध्ये एका चाहतीने दावा लावला आणि २०२२ मध्ये ती तीन गाणी स्ट्रीमिंगवरून काढून टाकली गेली. बारा वर्षं लोक 'हा तोच का?' असं विचारत कान लावून बसले होते. मीही बसले होते. ज्या आवाजावर आपण लहानपणापासून जीव टाकला तो ओळखता येत नाहीये असं वाटणं फार त्रासाचं असतं.

त्याच अल्बमात 'द वे यू लव्ह मी' हे गाणंही आहे, नव्या साजात. ते २००४ च्या या बॉक्स सेटमध्ये आधीच येऊन गेलेलं असल्यामुळे नंतर काय चढवलं गेलं ते कुणालाही ताडून पाहता येतं. बाकीच्या गाण्यांची अशीच जुनी टेप प्रत्येकाच्या हातात असती तर एवढा गोंधळ झालाच नसता.

अजून एक. 'डेंजरस' या गाण्यावर चोरीचा आरोप झाला होता. १९९४ मध्ये डेन्व्हरच्या कोर्टात मायकल साक्षीला उभा राहिला, गाणं कसं तयार झालं ते त्याने सांगितलं, गाऊनही दाखवलं. निकाल त्याच्या बाजूने लागला. त्या गाण्याचं सुरुवातीचं रूप या सेटमध्ये आहे. तो वाद्यं वाजवून चाली बांधणारा नव्हता. ठेका, बास, सुरावट, सगळं तोंडाने गाऊन टेपवर घ्यायचा आणि वादकांना ऐकवायचा. अशा संगीतकाराचं हस्तलिखित म्हणजे टेपच! ती अडगळ कशी?

ठेकेदार

सगळे सीडींवर बोलताय, डीव्हीडीला विसरू नका. बुखारेस्ट, १ ऑक्टोबर १९९२, 'डेंजरस' दौरा. टीव्हीवर दाखवलेला हा कार्यक्रम घरी ठेवता येईल असा अधिकृतपणे या सेटमधूनच पहिल्यांदा मिळाला. सुरुवातीला तो नुसता उभा राहतो आणि तेवढ्यावर मैदान वेडं होतं, ते पाहाच.

खर्ज

मींड, हस्तलिखिताचा मुद्दा मनाला लागला. तोंडाने रचणाऱ्या माणसाची टेप जपायलाच हवी, यावर वाद नाही. पण जपणं आणि विकणं यांत मी अजूनही फरक करतो. संग्रहात ठेवा, अभ्यासकांना ऐकवा.

मींड

अभ्यासक कोण ते कुणी ठरवायचं? मी संगीत शिकलेली नाही. मग मला तो डेमो, म्हणजे ती कच्ची टेप, मिळणार नाही का?

पंचमवेडा

हेच म्हणायचं होतं. मायकलच्या २०१४ च्या 'एक्सस्केप' या अल्बमची डीलक्स आवृत्ती मला त्यासाठीच बरी वाटते. आठ गाणी नव्या साजात, आणि तीच आठ मूळ रूपातही. ज्याला जे हवं ते त्याने ऐकावं. मी नवी रूपं एकदाच ऐकली.

खर्ज

काल रात्री तुम्हा दोघांसाठी ती १३ पुन्हा ऐकली, हेडफोन लावून, मध्ये न थांबता. 'चीटर' 'बॅड'मध्ये घेतलं नाही ते योग्यच झालं, याबाबत माझं मत बदललेलं नाही. ठेका झकास आहे, पण गाणं पुढे सरकत नाही.

'स्केअर्ड ऑफ द मून' मात्र तीनदा लावलं. चांदण्याला घाबरणाऱ्या मुलीचं साधं, हळू गाणं, आणि तो जवळजवळ कुजबुजत गातोय. हे वीस वर्षं पेटीत पडून होतं, याचा मला राग आला. माझ्या आधीच्या मताशी हे कसं जुळवायचं, ते अजून सुचलेलं नाही.