अनुभव धागा : एक फोटो आणि त्याआधीची वाट

आपल्यातले बरेच जण रविवारी पहाटे कॅमेरा घेऊन बाहेर पडतात. मिळालेले फोटो एकमेकांना पाठवतो, "सुंदर" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. तो फोटो मिळेपर्यंत काय घडलं, हे कोणी फारसं सांगत नाही. या धाग्यात तेच हवं आहे. पक्षी असो, रानातलं झुडूप असो की पावसातलं शेत, एक फोटो मनात धरा आणि त्याच्यामागची हकिगत लिहा. कॅमेरा कोणता, याला महत्त्व नाही; मोबाइलसुद्धा चालेल. घरट्याची नेमकी जागा मात्र कोणी लिहू नये, ही विनंती.

सुरुवात मीच करते. गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरलं की धक्क्याजवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागतं. जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, सगळी खारफुटी. पहिल्या तीन वेळा मी घड्याळ बघून गेले. उजेड छान, पण पाणी मुळांच्या वर चढलेलं आणि पक्षी दूर झाडांत पांगलेले. फेरीतल्या एका वयस्कर मामांनी विचारलं, "बाय, सुकती कधी ते बघितलंस?" सुकती म्हणजे ओहोटी. मला सुचलंच नव्हतं. पुनव-अवसेला पाणी जास्त ओसरतं हेही त्यांनीच सांगितलं. चौथ्या वेळी अवसेनंतरच्या सकाळी गेले. चिखल उघडा पडला होता, त्यावर निवट्या उड्या मारत होत्या, तुतारी पक्षी चोची खुपसत धावत होते आणि एका मुळावर पांढऱ्या गळपट्ट्याचा निळा खंड्या खेकडा आपटत होता. खेकड्याचा एक पाय हवेत उडालेला त्या फोटोत दिसतो. आता मी उजेडाआधी भरतीचं कोष्टक बघते.

फोंडा तालुक्यातून, मामाच्या कुळागरातला (पोफळी-मिरीच्या बागेतला) अनुभव

माझा फोटो तिबोटी खंड्याचा. चिमणीहूनही लहान पक्षी. पाठ निळी-जांभळी, पोट पिवळं, चोच लालभडक. पावसाच्या तोंडावर तो आमच्याकडे येतो, ओढ्याकाठच्या किंवा बांधाच्या उघड्या मातीत बीळ खणतो आणि पावसाळ्यातच पिल्लं वाढवतो.

मामाच्या कुळागरात पोफळींच्या खाली पाट जातो. पाटाच्या वरच्या अंगाला मातीचा जुना बांध आहे, थोडा ढासळलेला. तिथे बीळ आहे हे मामाच्या गड्याने दाखवलं. मी उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी बिळापासून चार-पाच पावलांवर ट्रायपॉड लावला, अंगावर इरलं घेतलं आणि बसलो. दहा मिनिटांत खंड्या आला. चोचीत सापसुरळीचं पिल्लू. समोरच्या सुक्या फांदीवर बसला आणि बसूनच राहिला. मी धडाधड फोटो काढले. अगदी स्वच्छ फोटो! सापसुरळीची शेपटीसुद्धा स्पष्ट. वीस मिनिटं तो तिथेच, मान खालीवर करत. मला वाटलं, काय नशीब आहे, स्वतःहून उभा राहिलाय.

मामा मागून पानवेलीला पाणी बघत येत होता. तो म्हणाला, "अरे, तोंडातला घास घेऊन आत का जात नाही तो? तू उठ बघू तिथून." मी उठून मिरवेलींच्या मागे गेलो. मी वळेपर्यंत खंड्या बिळात शिरलासुद्धा.

म्हणजे ती वीस मिनिटं आत पिल्लं उपाशी होती आणि त्याचं कारण मी होतो. त्या दिवशीचे सगळे फोटो मी पुसून टाकले. ते कोणाला दाखवणं मला जमलं नसतं.

नंतर मी बिळाचा नाद सोडला. पाटाच्या पार पलीकडे, बारा-पंधरा मीटरवर, पोफळीच्या आडोशाला बसायला लागलो. तिथून बीळ दिसत नाही, फक्त ती फांदी दिसते. खूण एकच ठेवली : घास घेऊन आलेला पक्षी फांदीवर क्षणभर टेकून पुढे गेला तर ठीक; रेंगाळला तर मी मागे. कुळागरात पावसाळ्यात भर दुपारीही अंधारच. फ्लॅश वापरायचा नाही हे ठरलेलं, त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ६४००, शटर १/१२५ सेकंद, आणि दहांतले नऊ फोटो हललेले. पाचव्या दिवशी एक मिळाला. दाणेदार आहे, थोडा मऊ आहे. त्यात खंड्याच्या चोचीत छोटी बेडकी आहे आणि पंख अर्धे उघडलेले आहेत, कारण तो निघालाय.

कुडचडे

आमचं नंदा तळं २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आलं, गोव्यातलं पहिलंच. ४२ हेक्टर. पावसाळा सरला की तिथे पाणी धरून ठेवतात आणि खालच्या शेतांना ते पुरवतात. मी लहानपणापासून त्याच्या काठाने शाळेत गेलो, पण अडई या रानबदकांचा थवा नीट बघितला तो कॅमेरा घेतल्यावर. थवा उठताना टिपायचा म्हणून दगड मारणारे मी पाहिले आहेत आणि मला त्याचा राग येतो. तासभर बसा. वर घार फिरली की थवा आपणच उठतो. उन्हाकडे पाठ ठेवा, शटर १/२००० सेकंद, एवढं पुरे.

डिचोली, गृहिणी

माझ्याकडे मोबाइलच आहे. चवथीला आमच्याकडे माटोळी बांधतात, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं टांगतात. माट्टीची फळं, कांगलां, घागऱ्यो आणायला दिरांबरोबर दरवर्षी डोंगरावर जायचे. एका वर्षी ठरवलं, माटोळीला जे जे लागतं ते झाडावर असताना कसं दिसतं, त्याचे फोटो काढायचे. घरातल्या मुलांना फळं ओळखू येतात, झाड येत नाही.

ते करताना वाटेत केवणीचं झुडूप भेटलं. तिची शेंग, मुरुडशेंग, आम्ही बाळघुटीत उगाळतो. सालीचे दोर माझ्या सासऱ्यांनी वळलेले आहेत. पण फूल मी कधी थांबून पाहिलं नव्हतं. एकाच फांदीवर काही फुलं लाल आणि काही फिक्या राखी-निळ्या रंगाची. मला वाटलं दोन जाती असाव्यात. म्हणून एका फुलाखाली दोरा बांधला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. लाल फूलच जुनं होऊन निळसर झालं होतं. शिंजीर हा मध पिणारा इवला पक्षी येतो तो ताज्या लाल फुलांकडे. वाकून मध प्यायला की पुढे आलेला पुंकेसराचा दांडा त्याच्या डोक्याला घासतो.

मोबाइलमध्ये शिंजीर ठिपक्याएवढाच आला आहे. त्या दोऱ्याच्या फुलाचे तीन दिवसांचे तीन फोटो मात्र मी छापून घेतले आणि देवखोलीच्या बाहेर लावले. पुढच्या चवथीला मुलं स्वतःहून डोंगरावर आली.

धारबांदोडा

कुळागरातला अनुभव वाचून लिहितो आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

थंडीत नवरंग आमच्या भागात असतो. तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते, पण पक्षी दिसत नाही. झुडपाखाली पाचोळा उलटत फिरतो. मी मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवली. तो लगेच बाहेर आला, छाती काढून, अगदी मोकळ्यावर. फोटोचं खूप कौतुक झालं. मी पुन्हा गेलो, पुन्हा शीळ वाजवली. असं आठवडाभर. सातव्या दिवशी तो आला नाही, त्यानंतरही नाही. नवरंग हिवाळ्यातही आपली हद्द राखतो. माझ्या मोबाइलमधला पक्षी त्याच्यासाठी घरात घुसलेला दुसरा नवरंग होता. माझ्यामुळेच गेला असं छातीठोक सांगता येणार नाही, पण मला तसंच वाटतं.

आता मी त्याच जागी संध्याकाळी नुसता बसतो. तीन हिवाळ्यांत एकदाच दिसला, पाचोळ्यात पाठमोरा. फोटो काढला, कोणाला पाठवला नाही.

पेडणे, शिक्षक

श्रावण-भाद्रपदात सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावर या. काळ्या जांभ्या दगडावर बोटभर माती, तिच्यात सीतेची आसवं फुललेली असतात, निळी-जांभळी, नखाएवढी. कीटक खाणारी वनस्पती आहे ही. ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात, त्यांत सूक्ष्म जीव अडकतात. मुलांना हे सांगितलं की ती पाय जपून टाकतात. फोटोसाठी पोटावर झोपावं लागतं, म्हणून झोपायची जागा आधी उघड्या दगडावर शोधायची. मी मुलांना एकामागे एक, माझ्या पावलांवर पावलं ठेवत नेतो. चांगल्या फोटोभोवतीची तुडवलेली फुलं फोटोत दिसत नाहीत, पण पुढच्या वर्षी ती जागा रिकामी दिसते.

साखळी

एक कामाची गोष्ट. आपल्या हवेत भिंगाला बुरशी लागतेच. माझी चांगली लेन्स एका पावसाळ्यात कपाटात, कातडी पिशवीत राहिली. दसऱ्याला काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. तेव्हापासून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो. दाण्यांचा रंग बदलला की तापवून कोरडे करायचे. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्यावा, नाहीतर भिंगावर दव धरतं.

पुन्हा फोंड्याहून

धारबांदोड्याच्या मित्राने लिहिलं म्हणून आणखी थोडं. मामाने त्या वर्षी तो बांध चिऱ्याने बांधून काढायचं ठरवलं होतं. चिरे आणून टाकलेलेही होते. खंड्याची पिल्लं उडेपर्यंत थांबू म्हणाला. मग ऑक्टोबर आला, मग सुपारीची काढणी. यंदा मिरगाच्या चौथ्या दिवशी मामाचा फोन आला, "तुझा पाहुणा आलाय रे, माती उकरतोय." चिरे अजून पाटाच्या कडेलाच आहेत, त्यांच्यावर शेवाळ चढलं आहे.