काजूवर फवारणी झाली आणि सातेरीच्या मधमाश्या मरायला लागल्या. पेट्या कशा वाचवू?

नमस्कार मंडळी,

गोव्यात वाळपईजवळ आमचं कुळागर (सुपारीची बाग) आहे, तिथे सुपारीच्या सावलीत सातेरीच्या, म्हणजे देशी मधमाश्यांच्या, पेट्या ठेवल्यात. कुंपणापलीकडे शेजारच्या काकांची काजूची बाग. मोहोर भरात असताना त्यांनी ढेकण्या या किडीसाठी लॅम्बडा सायहॅलोथ्रिन हे कीटकनाशक मारलं, तेही सकाळी, माश्यांची ये-जा जोरात असताना. दुपारपासून पेट्यांच्या दारात माश्या पडायला लागल्या. काही थरथरत जागच्या जागी गोल फिरत होत्या. मेलेल्यांची सोंड बाहेर आलेली आणि कित्येकींच्या मागच्या पायांना परागाच्या गोळ्या तशाच चिकटलेल्या. बघवत नव्हतं.

थाई सॅकब्रूड हा मधमाश्यांचा विषाणूरोग तर नाही ना, हीच पहिली धास्ती. १९९१-९२ मध्ये त्या विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या होत्या. पण त्यात अळ्या मरतात, कोषात जाण्याआधीच पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होतात. मी चौकटी काढून पाहिल्या: पिलावा (अंडी-अळ्या) स्वच्छ आहे, राणी अंडी घालतेय. मेल्या त्या बाहेर चरायला जाणाऱ्या कामकरी माश्या. म्हणजे विषबाधाच, असं माझं मत. कुणाला वेगळं वाटत असेल तर जरूर सांगा.

काकांवर राग नाही. ढेकण्या लागला की कोवळी पालवी आणि मोहोर करपून जातो, वर्षाचं पीक हातचं जातं. फवारणी संध्याकाळी, माश्या पेटीत परतल्यावर करायला आणि आदल्या दिवशी कळवायला ते तयार आहेत. काजूचा पराग फुलाफुलांवर नेणाऱ्यांत याच माश्या आहेत, हे त्यांनाही पटतं.

खरी काळजी पुढची आहे. दुकानदार त्यांना आता इमिडाक्लोप्रिड घ्या म्हणतोय, 'सौम्य' आहे म्हणून. हे औषध झाडाच्या रसात भिनतं, मकरंदात आणि परागातही उतरतं. माशी लगेच मेली नाही तरी तिची दिशा चुकते, ती घरी परतत नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतात त्याच्या वापरावर बंदी घातली. मोहोरावर हे नकोच, असं मला ठाम वाटतं. ढेकण्यावर कुणी दुसरा उपाय स्वतः करून पाहिला असेल तर कृपया लिहा, काकांना दाखवता येईल.

पेट्या थोड्या अंतरावर हलवल्या तर माश्या जुन्या जागीच परततात, म्हणून तो विचार सोडलाय. चरणाऱ्या माश्या गेल्यामुळे सध्या साखरेचा पाक देतोय, पण साठवलेल्या परागात विष असेल तर त्या चौकटी काढून टाकाव्यात का? आणि या पेट्यांतला मध घरात खावा का?

बोंडू धरायला लागलेत, पुढची फवारणी लांब नाही. त्यामुळे सगळ्यात आधी हे सांगा: दाराला जाळी लावून, वर ओलं गोणपाट टाकून पेटी बंद ठेवली, तर या उकाड्यात माश्या किती वेळ तग धरतात?