के जिएनं पट सोडून उठायला नको होतं

पारावरचा
जानेवारी २०२५, सोल. गो या पटावर सोंगट्या मांडून जागा वेढायच्या खेळातल्या एलजी करंडकाची अंतिम लढत, तीनपैकी दोन डाव जिंकायचे. पहिला डाव चीनच्या के जिएनं घेतला. दुसऱ्यात मारलेल्या सोंगट्या डब्याच्या झाकणात ठेवल्या नाहीत म्हणून दोन गुणांचा दंड, पुन्हा तेच केल्यावर डावच गेला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या डावात परत तोच दंड! साहेब भडकले, पंचांशी वाद घातला आणि पुढे खेळलेच नाहीत. कोरियाचा ब्यन संग-इल विजेता.

नियम नोव्हेंबरपासून लागू होता, दोघांनाही सारखाच. आणि आठ जागतिक विजेतेपदं जिंकलेला माणूस म्हणजे काही शिकाऊ पोर नव्हे. आदल्या दिवशी ज्यापायी डाव घालवला, तेच परत?

सोंगटीबहाद्दर
नियम का आहे तेही सांगा की. कोरियन पद्धतीत मारलेल्या सोंगट्या शेवटच्या हिशोबात धरतात, म्हणून त्या समोरच्याला दिसायला हव्यात. चिनी पद्धतीत पटावर उरलेल्या सोंगट्या आणि वेढलेली जागा मोजायची. मारलेल्या कुठे का पडेनात. लहानपणापासून त्या बाजूला टाकायची सवय. नजर पटावर असताना हात कुठे जाणार?

दंड समजू शकतो. पण आख्खा डाव काढून घ्यायचा? याच के जिएनं २०१७ मध्ये चीनमधल्या वूझेनला अल्फागो या संगणक-प्रोग्रॅमविरुद्धचा पहिला डाव अर्ध्या गुणानं घालवला होता. त्या मापानं दोन गुण किती होतात बघा.

पारावरचा
अर्ध्या गुणावर डाव फिरत असेल, तर झाकणातल्या सोंगट्या दिसल्याच पाहिजेत. तुम्ही माझीच बाजू मांडलीत :)

चाळकरी
आमच्या चाळीत कॅरमला कोपर फळीच्या आत गेलं की फाउल. पण पंचकाका समोरच्यानं नेम धरलेला असताना मध्येच ओरडत नसत. सोलमध्ये नेमकं तेच झालं. ब्यनची पाळी चालू असताना पंचांनी डाव थांबवला. त्याला विचार करायला जादा वेळ मिळाला, ही के जिएची तक्रार. मला तरी ती रास्त वाटते.

पारावरचा
मग हरकत नोंदवा आणि खेळा! वूझेनला तिसऱ्या डावात हाच माणूस मध्येच उठून गेला होता, पण डोळे पुसून परत येऊन बसला. ३-० हरला, पण शेवटपर्यंत लढला. तो के जिए मला आवडतो.

सोंगटीबहाद्दर
यंत्रापुढे हरणं वेगळं, पंचाच्या शिट्टीपुढे वेगळं. आणि पुढचं तुम्ही सोयीनं गाळलंत. चिनी संघटनेनं निकाल मानला नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच कोरियन संघटनेनं या चुकीवरून डाव घालवायचा नियम मागे घेतला. करंडक मात्र ब्यनकडेच. बोला आता.

पारावरचा
नियम वाईट होता, मान्य. धाग्याचं शीर्षक बदलणार नाही.