प्रति: १०० फूट अंतर पुरे?
वर कोणीतरी म्हटलंय की एअर टॅक्सीत (शहरात उडणाऱ्या, पंख्यांवर चालणाऱ्या छोट्या प्रवासी विमानात) सगळं कॉम्प्युटर बघणार, मग दोन टॅक्सींमध्ये वरखाली १०० फूट अंतर भरपूर झालं. मला अजिबात पटत नाही. वॉशिंग्टनचा अपघात आठवा, २९ जानेवारी २०२५, ब्लॅक हॉक हे लष्करी हेलिकॉप्टर आणि प्रवासी विमान धडकून ६७ माणसं गेली. तिथे तेव्हा हेलिकॉप्टरला जास्तीत जास्त २०० फूट उंचीची मर्यादा होती आणि रनवे ३३ या धावपट्टीवर उतरणारं विमान त्याच्या वरून जायचं, म्हणजे कागदावरच अंतर काही ठिकाणी जेमतेम ७५ फूट, आणि नंतर तशीच हेलिकॉप्टरं उडवून बघितली तर अल्टिमीटर (हवेच्या दाबावरून उंची दाखवणारे काटे) खऱ्या उंचीपेक्षा ८० ते १३० फूट कमी दाखवत होते! सगळं अंतर काट्याच्या चुकीतच संपलं. टॅक्सीचीही उंची हवेच्या दाबावरच मोजणार असाल तर आधी ही चूक धरा, त्यात वरच्या टॅक्सीच्या रोटरचा (फिरत्या पंख्याचा) खाली येणारा हवेचा झोत मिळवा, मग अंतराचं बोलू.