मदत हवी आहे : ग्रिड संगणन प्रणालींची तुलना नेमक्या कोणत्या निकषावर करावी?

नमस्कार. मी तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. माझी एक विद्यार्थिनी पदव्युत्तर प्रबंधासाठी कॉन्डॉर, ग्लोबस, लीजन आणि बॉइंक या चार ग्रिड प्रणालींच्या, म्हणजे ठिकठिकाणचे संगणक जोडून त्यांच्याकडून कामे करून घेणाऱ्या प्रणालींच्या, रचनेची तुलना करीत आहे. तिच्या पहिल्या मसुद्यातील तक्त्यात सुरक्षितता, जॉबचे (संगणकाला चालवायला दिलेल्या कामाचे) वाटप, नामकरण, फाइलींची ने-आण असे रकाने असून प्रत्येकापुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी नोंद आहे. तक्त्यात चूक काढण्यासारखे काही नाही. पण एकाच प्रश्नाला चार ठिकाणी चार इतकी निराळी उत्तरे का मिळाली, हे तो वाचून मुळीच उमगत नाही.

मला असे वाटते की, संगणक कोणाच्या मालकीचा आहे आणि कोणी कोणावर किती भरवसा ठेवायचा, या एका प्रश्नापासून सुरुवात केली तर बाकीचे रकाने आपोआप भरत जातात. हा विचार कितपत टिकतो, हे जाणकारांनी तपासून द्यावे, अशी विनंती आहे.

विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८०च्या दशकात मिरॉन लिव्हनी यांच्या गटाने उभारलेल्या कॉन्डॉरचा (२०१२पासून एचटीकॉन्डॉर) जन्मच दुसऱ्याच्या टेबलावरील रिकाम्या संगणकाचा वापर करण्यासाठी झाला. त्यामुळे तेथे मालकाचा शब्द अखेरचा असतो : त्याने कळफलकाला हात लावला की पाहुण्या जॉबने जागा सोडायची. वाटपाची पद्धत मी वर्गात वधू-वर सूचक मंडळाचे उदाहरण देऊन सांगतो. जॉब आपल्या अटी आणि आवडनिवड नोंदवतो, संगणकही आपल्या नोंदवतो, आणि मंडळ फक्त अनुरूप स्थळे सुचवते. पुढची बोलणी दोन्ही पक्ष थेट करतात आणि त्या वेळी कोणीही नकार देऊ शकतो. हे उदाहरण मुलांना पटकन कळते, शिवाय मूळ रचनेशी प्रामाणिकही राहते.

ग्लोबसमध्ये मालक म्हणजे एखादी व्यक्ती नसून संस्था आहे. इयन फॉस्टर आणि कार्ल केसलमन यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात हे काम सुरू केले, तेव्हा प्रत्येक महासंगणन केंद्राची स्वतःची रांग, स्वतःची खाती आणि स्वतःचे नियम आधीच होते. त्यांना हात न लावता वर एक पातळ, सामाईक थर द्यायचा, असे त्यांनी ठरवले. ग्रॅम हा घटक जॉब स्वीकारतो आणि स्थानिक रांगेकडे सोपवतो. वापरकर्त्याच्या डिजिटल प्रमाणपत्रावरील नाव स्थानिक खात्याशी जोडण्याचे काम एक साधी नकाशा-फाइल करते. सी-डॅकच्या ‘गरुडा’ या राष्ट्रीय ग्रिडनेही ग्लोबसचाच आधार घेतला होता. स्वायत्त संस्था जोडायच्या असल्यामुळे ती निवड मला स्वाभाविक वाटते.

बॉइंकची बाजू सर्वांत सोपी आहे. बर्कलीच्या सेटी@होम या १९९९मधील प्रकल्पातून ते पुढे आले. संगणक अनोळखी स्वयंसेवकाचा असल्यामुळे उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून एकच काम अनेकांना देऊन उत्तरे ताडून पाहिली जातात. उलट बाजूने स्वयंसेवकालाही प्रकल्पाची खात्री हवी, म्हणून आज्ञावलीवर डिजिटल स्वाक्षरी असते.

अडचण लीजनपाशी येते. व्हर्जिनिया विद्यापीठात अँड्र्यू ग्रिमशॉ यांनी १९९३मध्ये सुरू केलेल्या या प्रणालीत संगणक, फाइल, वापरकर्ता असे सर्व काही ऑब्जेक्ट (स्वतःची ओळख असलेला स्वतंत्र घटक) आहे, आणि आपल्याला कोणी हाक मारावी हे प्रत्येक ऑब्जेक्ट स्वतः ठरवतो. म्हणजे मालकी अगदी कणाकणापर्यंत पोहोचली. तरीही संपूर्ण जगाचा एकच संगणक भासावा, हे तिचे ध्येय होते. माझ्या निकषात ती बसवायची कशी? आणि कॉन्डॉर-जी (ग्लोबसमार्फत जॉब पाठवणारे कॉन्डॉरचे रूप) ग्लोबसच्या वर बसून काम करीत असेल, तर या दोघांना शेजारी-शेजारी ठेवून तोलणे योग्य आहे का?

प्रतिसाद

सर, आपला निकष चांगला आहे, परंतु तो एकटा पुरणार नाही. बिघाड झाल्यावर जबाबदारी कोणाकडे राहते, हा दुसरा प्रश्न त्याला जोडावा. कॉन्डॉरमध्ये जॉब पाठवणाऱ्या यंत्रावर त्याची ‘शॅडो’ (त्या जॉबवर लक्ष ठेवणारी आज्ञावली) जागी राहते आणि जॉब पूर्ण होईपर्यंत ती जबाबदारी सोडत नाही. ग्रॅमच्या सुरुवातीच्या रचनेत मात्र जॉब पाठवताना नेमके जाळे तुटले, तर तो पोहोचला की नाही हे पाठवणाऱ्याला कळण्याची सोय नव्हती. पुन्हा पाठवला तर दोनदा चालण्याची भीती. कॉन्डॉर-जी करताना ही उणीव टोचली आणि ग्रॅममध्ये दोन टप्प्यांची पोच (आधी जॉब मिळाल्याची पोच, मग तो सुरू करण्याची पक्की सूचना) आणावी लागली. म्हणून या दोघांना प्रतिस्पर्धी न मानता वरखालचे थर मानावे आणि त्यांच्यातील सांधा हाच तुलनेचा विषय करावा.

लीजनबद्दल माझे मत थोडे निराळे आहे. मालकीपेक्षा तिथे ‘एकसंध आराखडा आधी की सुटे घटक आधी’ हा वाद महत्त्वाचा होता. ग्लोबसने सुटे घटक निवडले, म्हणून संस्थांना हवे तेवढेच घेता आले. पण २००३च्या तिसऱ्या आवृत्तीत ग्लोबसलाही सर्व सेवा एका सामाईक आराखड्यात आणाव्याशा वाटल्या, आणि त्या सेवांना स्वतःची ओळख व स्थिती असावी लागली. हे लीजनच्या बरेच जवळचे आहे. विद्यार्थिनीने आवृत्त्यांची वर्षे न लिहिता ‘ग्लोबस’ असे एकच नाव वापरले असेल, तर तिथे तक्ता फसेल. प्रयोगही जोडणार आहात का?

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. तिच्या तक्त्यात खरोखरच आवृत्ती लिहिलेली नाही. ती दुरुस्ती आजच करायला सांगतो.

प्रयोगासाठी आमच्या प्रयोगशाळेतील ८० संगणकांवर एचटीकॉन्डॉर बसवण्याचा विचार आहे. आमच्याकडे दुपारी वीज जाते, त्यामुळे मध्येच थांबलेला जॉब पुढे सुरू होणे आवश्यक आहे. जॉबची स्थिती आपोआप जतन करणारे जुने ‘स्टँडर्ड युनिव्हर्स’ आता काढून टाकले आहे. म्हणून आज्ञावलीने स्वतःच ठरावीक काळाने फाइल लिहून थांबायचे आणि ती फाइल पाठवणाऱ्या यंत्रावर साठवायची, ही पद्धत वापरावी लागेल. त्या एका यंत्राला यूपीएस देता येईल. परंतु प्रत्येक जॉबची फाइल सुमारे ३०० एमबी आहे, म्हणजे सर्वांनी एकाच सुमारास पाठवल्यास २४ जीबी त्या एकाच डिस्कवर आदळणार. आपण अशा वेळी पाठवणारी यंत्रे दोन-तीन ठेवता, की जॉबच्या वेळा मुद्दाम मागे-पुढे करता?