गाडीच्या काचांना आतून वाफ धरतेय

शनिवार

सी-७०४: नमस्कार मंडळी. गेले आठ दिवस सकाळी गाडी उघडली की सगळ्या काचा आतून पांढऱ्याफटक. पुसल्या की पाच मिनिटांत परत तेच. आज आईंना मोतीबिंदूच्या तपासणीला न्यायचं होतं. पौड फाट्याजवळ एकदम समोरचं काही दिसेना. आई शेजारी बसलेल्या, मागून बसचा हॉर्न. फार घाबरले. कुणाला असा अनुभव आहे का?

बी-१०२: पावसाळ्यात सगळ्यांचंच होतं वहिनी. एसी लावा, दोन मिनिटांत जाईल.

सी-७०४: आईंना गार सोसत नाही, म्हणून एसी बंदच असतो.

ए-३०३ (काका): सूनबाई, एसी लावला म्हणजे गारच हवा घ्यावी लागते असं नाही. एसी चालू ठेवायचा आणि तापमानाचा नॉब लाल बाजूला फिरवायचा. एसीच्या कॉइलवर हवेतलं पाणी गळून पडतं आणि मग तीच कोरडी हवा कोमट होऊन काचेवर येते. आईंना त्रास होणार नाही. हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण मात्र बंद ठेवा, नाहीतर आपल्याच श्वासाची वाफ गाडीत कोंडते.
पण मला तुमच्या मेसेजमधली दुसरी गोष्ट खटकली. सकाळी उघडल्याबरोबर काच पांढरी? रात्रभर गाडीत कुणी बसलेलं नसतं, श्वास कुणाचा? म्हणजे पाणी गाडीतच मुरलंय. मॅट उचला आणि खालच्या कार्पेटवर हाताने जोर देऊन दाबा. चारही बाजूंना.

डी-२०५: माझ्या काचेला बाहेरून वाफ धरते. तेही हेच का?

ए-३०३ (काका): नाही, ते उलट आहे. बाहेर २८ अंश आणि ८० टक्के दमटपणा असेल तर साधारण २४ अंशांच्या काचेवर पाणी जमायला लागतं. तुम्ही एसी १८ वर ठेवून झोत काचेवर सोडत असणार. तापमान वाढवा, झोत पायाकडे वळवा आणि वायपर मारा. काळजीचं काही नाही.

सी-७०४: काका, बघितलं. ड्रायव्हरकडे कोरडं. आईंच्या पायाखाली दाबलं तर बोटांमधून पाणी वर आलं. वरून हात फिरवला तर कळतही नव्हतं. आणि ओल्या गोणपाटासारखा वास.

बी-४०१: सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा ताई. नाहीतर वाटीत जाडं मीठ.

ए-३०३ (काका): त्याने थोडी हवा कोरडी होईल, पण कार्पेटखालच्या फोममध्ये लिटरभर पाणी असेल तर मीठ काय करणार? आधी पाणी येतं कुठून ते शोधू. सूनबाई, बोटं चोळून बघा. चिकट, रंगीत, गोडसर वासाचं आहे की साधं पाणी? चिकट असेल तर हीटरचं कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, गळतंय. मग गाडी थेट मेकॅनिककडे न्यायची, आणि ते पाणी अजिबात चाखून बघायचं नाही, विषारी असतं.

सी-७०४: साधं पाणी आहे. थोडं मातकट.

ए-३०३ (काका): मग एसी १५ मिनिटं चालू ठेवून गाडीखाली वाकून बघा. थेंब पडतायत का? पडत नसतील तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय आणि तेच पाणी आत उतरतंय.

सी-७०४: छान टपटप पडतंय.

ए-३०३ (काका): म्हणजे एसीवरचा संशय गेला, आता पावसाचं पाणी. गाडी कुठे लावता?

सी-७०४: मागच्या गेटजवळ, गुलमोहराखाली.

ए-३०३ (काका): बास. उद्या सकाळी दहाला खाली येतो. सेक्रेटरी साहेब, बागेचा पाइप अर्धा तास मिळेल का?

सेक्रेटरी: घ्या काका. बोअरचं पाणी वापरा, टाकीचं नको.

रविवार

सी-७०४: सगळ्यांसाठी लिहिते. मी टॉर्च घेऊन आत बसले, बी-१०२ भाऊजींनी बाहेरून पाणी मारलं. आधी खालून, मग दाराच्या रबरावर, मग वर काचेवर. दारांतून एक थेंब नाही. काचेवर पाणी सोडल्यावर मिनिटभरात ग्लोव्ह बॉक्सच्या मागून ओघळ सुरू झाला. काकांनी बॉनेट उघडून वायपरखालची जाळी काढली, तर आत गुलमोहराच्या बारीक पानांचा चिखल, बोटभर जाड. पाणी जायचं भोकच दिसत नव्हतं. ग्लोव्ह बॉक्समागचा एसी फिल्टर भिजून काळा झालेला, त्यालाही तीच पानं चिकटलेली.

ए-३०३ (काका): पाण्याला खाली वाट नाही म्हणून ते ब्लोअरच्या, म्हणजे आत हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, तोंडातून आत शिरत होतं. ब्लोअर डाव्या बाजूला, म्हणून आईंचेच पाय ओले. जाळी काढताना क्लिपा जुन्या असतील तर तुटतात, हळू काढाव्या लागतात. सळई घालून भोक टोकरू नका, रबरी नळी निसटते. पानं हातानं काढायची आणि पाणी सोडायचं.

बी-४०१: आता कार्पेट कसं वाळवायचं?

ए-३०३ (काका): कडेची पट्टी काढून कार्पेट उचलायचं, फोमखाली वर्तमानपत्रं कोंबायची आणि तासातासाला बदलायची. मग टेबलफॅन लावायचा. सीटखाली पिवळ्या वायरी दिसतील, त्या एअरबॅगच्या. त्यांना हात लावायचा नाही. घाईने मॅट अंथरली तर खाली बुरशी धरेल.
आणि काच आतून साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून घ्या. तेलकट थर असला की वाफ लवकर धरते.

गुरुवार

सी-७०४: चार दिवस फॅन लावला, पहिल्या दिवशी रद्दीचा अख्खा गठ्ठा भिजला. नवा फिल्टर टाकला. रात्री धो धो पाऊस होता, सकाळी सहाला खाली गेले तर काच स्वच्छ. आई म्हणाल्या, कुबट वासही गेला. काका, संध्याकाळी आईंनी केलेल्या अळूवड्या आणते.

डी-२०५: काका, माझी गाडीही गुलमोहराखालीच असते. जाळी बघायची होती.

ए-३०३ (काका): रविवारी साडेसातला. टॉर्च आणि जुना ब्रश घेऊन या. त्या रांगेतल्या बाकीच्या चार गाड्याही बघून टाकू.